अतिसूक्ष्म मार्गिकांतील द्रायुप्रवाह
द्रव आणि वायू या दोहोंना मिळून द्रायू म्हणतात. ज्या नळीची, फटीची किंवा छिद्राची रुंदी सु. १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) इतकी असते, तिला अतिसूक्ष्म किंवा नॅनो मार्गिका म्हणतात. अशा मार्गिकेतून होणाऱ्या द्रायूच्या वहनाचे नियम शोधणे, ते समीकरणांच्या वा संगणकीय सदृशीकरणाच्या रूपाने मांडणे व त्यांवरून प्रत्यक्ष प्रवाहाचे भाकीत करणे हा द्रायुयामिकीच्या या शाखेचा विषय होय. पाण्याच्या रेणूचा व्यास सु. ०.२८ नॅनोमीटर असल्याने १ नॅनोमीटर रुंदीच्या फटीत पाण्याचे तीनच थर मावतात. इतक्या अरुंद जागेत पाणी हे सलग माध्यम आहे असे मानता येईल की नाही, हाच येथील मूळ प्रश्न आहे.

अशा मार्गिका निसर्गात सर्वत्र आढळतात. चिकणमातीच्या कणांतील थरांमधील जागा, दगडी कोळशातील छिद्रे, खडकांतील सूक्ष्म भेगा, सजीव कोशिकांच्या (पेशींच्या) पटलांतील प्रथिनांचे मार्ग ही त्यांची उदाहरणे होत. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरण्यात येणारी पटलेही याच वर्गात मोडतात. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव व त्यालगतच्या वणी, झरी जामणी आणि केळापूर या तालुक्यांचा परिसर या दृष्टीने लक्षणीय आहे. या एकाच टापूत काळी कपाशीची जमीन आहे, वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाचे थर आहेत आणि अनेक गावांच्या भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण आरोग्यास घातक ठरेल इतके आहे. या तिन्ही बाबींत द्रायू अतिसूक्ष्म मार्गिकांतून कसा वाहतो या प्रश्नास व्यावहारिक महत्त्व आहे.

इतिहास : नळीतील प्रवाहाचा परिमाणात्मक नियम गोटहिल्फ हागेन या जर्मन अभियंत्यांनी १८३९ मध्ये आणि झां ल्वी मारी प्वाझय या फ्रेंच वैद्यांनी त्यानंतर लवकरच स्वतंत्रपणे प्रयोगांवरून शोधून काढला. प्वाझय यांना केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे जाणून घ्यावयाचे होते. म्हणजे या विषयाचा उगमच अरुंद मार्गांच्या अभ्यासात आहे. या नियमानुसार ठराविक दाबांतरासाठी वाहणाऱ्या द्रवाचे घनफळ नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात व द्रवाच्या श्यानतेच्या (दाटपणाच्या) व्यस्त प्रमाणात असते. त्रिज्या निम्मी केल्यास प्रवाह एकषोडशांश होतो. श्यान द्रायूच्या गतीची सर्वसाधारण समीकरणे क्लोद लुई नाव्ह्ये यांनी १८२२–२३ च्या सुमारास व जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडली.

विद्युत् व सूक्ष्म मार्गिकांतील प्रवाह यांचा संबंध त्याहीपूर्वी उघडकीस आला होता. मॉस्को येथे फेर्दिनांट रॉइस यांनी ओल्या चिकणमातीतून विद्युत् प्रवाह पाठविला असता पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते, असे १८०९ मध्ये प्रसिद्ध केले. या आविष्काराला विद्युत् तर्षण म्हणतात. त्याचे गणितीय विवरण हेरमान फोन हेल्महोल्ट्स (१८७९) व मार्यान स्मोलूखॉफ्स्की (१९०३) यांनी केले. वायूंच्या बाबतीत जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये भिंतीलगत होणाऱ्या घसरणीचा विचार मांडला आणि मार्टिन क्नूसेन या डॅनिश भौतिकीविज्ञांनी १९०९ मध्ये अतिशय अरुंद नळ्यांतील वायुप्रवाहाचे प्रयोग केले.

अरुंद नळ्यांतील पाण्यावरून चुकीचे निष्कर्ष निघाल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६० नंतरच्या दशकात क्वॉर्ट्‌झाच्या केशनलिकांत तयार झालेले पाणी नेहमीच्या पाण्याहून निराळे, अधिक घन व अधिक श्यान असते, असा दावा रशियात करण्यात आला व त्याला ‘बहुवारिक पाणी’ असे नाव मिळाले. अनेक देशांत यावर संशोधन झाले. हे गुणधर्म नळीच्या पृष्ठभागावरून व हाताळणीतून आलेल्या अशुद्धींचे आहेत, हे १९७३ च्या सुमारास सर्वमान्य झाले. अतिसूक्ष्म मार्गिकांच्या अभ्यासात पृष्ठभागाची स्वच्छता व मापनाची काटेकोरता यांवर जो भर देण्यात येतो, त्यास या प्रकरणाची पार्श्वभूमी आहे.

१९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनाच्या नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर ठराविक व्यासाच्या गुळगुळीत मार्गिका उपलब्ध झाल्या आणि या विषयाला नवी चालना मिळाली.

मूलभूत संकल्पना : अखंड माध्यम : नाव्ह्ये–स्टोक्स समीकरणांत द्रायू हा सलग पदार्थ मानलेला असतो, त्याची घनता, श्यानता व वेग ही प्रत्येक बिंदूला निश्चित असतात असे गृहीत धरतात. मार्गिकेची रुंदी रेणूच्या आकारमानाच्या तुलनेने पुष्कळ मोठी असेपर्यंतच हे गृहीत योग्य असते. नेहमीच्या तापमानास पाण्याच्या बाबतीत हे समीकरण सु. १ नॅनोमीटर रुंदीपर्यंत बऱ्याच अंशी टिकते, असे प्रयोग व सदृशीकरणे यांवरून दिसून आले आहे. अभ्रकाच्या दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये पाण्याचा थर दाबून केलेल्या २००१ मधील प्रयोगांत थराची जाडी १ नॅनोमीटरपेक्षा कमी झाली, तरी त्याची श्यानता नेहमीच्या पाण्याच्या तिपटीच्या आतच राहिल्याचे आढळले. त्याहून अरुंद जागेत मात्र रेणू थराथरांनी रचले जातात व श्यानता ही संकल्पनाच संदिग्ध होते.

हागेन–प्वाझय नियम लावून एक उदाहरण घेता येईल. ५ नॅनोमीटर त्रिज्येची व १ मायक्रोमीटर (मीटरचा दशलक्षांश भाग) लांबीची एक मार्गिका घेऊन तिच्या दोन टोकांमध्ये १ वातावरण इतके दाबांतर ठेवले, तर तिच्यातून दर सेकंदास पाण्याचे सु. ८० कोटी रेणू बाहेर पडतील. ही संख्या मोठी वाटली, तरी त्या एका मार्गिकेतून १ लिटर पाणी जमण्यास सु. १३० कोटी वर्षे लागतील. परंतु एक चौ. मायक्रोमीटर क्षेत्रात अशा १०० मार्गिका असलेले पटल घेतले, तर त्याच्या प्रत्येक चौ. मी. मधून ताशी सु. ९ लिटर पाणी मिळेल. अतिसूक्ष्म मार्गिकांचा उपयोग करावयाचा, तर त्यांची संख्या प्रचंड व लांबी अत्यल्प हवी, हे या हिशेबावरून स्पष्ट होते. निसर्गातील व कृत्रिम अशी सर्व कार्यक्षम पटले अतिशय पातळ असतात, याचे कारण हेच आहे.

भिंतीलगतची घसरण : भिंतीला चिकटलेला द्रवाचा थर स्थिर असतो, असे नेहमीच्या द्रायुयामिकीत धरतात. नाव्ह्ये यांनी मात्र द्रव भिंतीवरून काही अंशी घसरू शकतो, ही शक्यता आपल्या समीकरणांतच मान्य केली होती. घसरणीचे मान ‘घसरण-लांबी’ या राशीने देतात. भिंतीच्या मागे किती अंतरावर वेग शून्य झाला असता, ते अंतर म्हणजे घसरण-लांबी होय. वर्तुळाकार नळीत घसरणीमुळे प्रवाह किती पट वाढतो, हे काढण्यासाठी घसरण-लांबीच्या चौपटीस त्रिज्येने भागून त्यात १ मिळवतात. घसरण-लांबी ५० नॅनोमीटर मानल्यास ५ नॅनोमीटर त्रिज्येच्या नळीत प्रवाह ४१ पट होतो. उलट १ मिमी. व्यासाच्या नळीत ही वाढ अर्ध्या सहस्रांशाहूनही कमी असते. म्हणूनच नेहमीच्या नळकामात घसरणीची दखल घ्यावी लागत नाही.

जलाकर्षी पृष्ठभागांवर (उदा., काच, चिकणमाती) घसरण नगण्य असते, जलविरोधी व गुळगुळीत पृष्ठभागांवर ती मोठी असते. सु. ७ नॅनोमीटर व्यासाच्या कार्बन नलिकांच्या पटलातून अपेक्षेपेक्षा हजारो पटींनी अधिक प्रवाह मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २ नॅनोमीटरहून कमी व्यासाच्या नलिकांबाबत असाच निष्कर्ष २००६ मध्ये निघाला. पुढे २०१६ मध्ये एकेका नलिकेवर स्वतंत्र मापने करण्यात आली, तेव्हा त्रिज्या जितकी लहान तितकी घसरण अधिक असे आढळले. मात्र तीच स्फटिकरचना असलेल्या बोरॉन नायट्राइडाच्या नलिकांत घसरण जवळजवळ दिसली नाही. केवळ भूमितीवरून हा फरक समजत नाही. भिंतीतील इलेक्ट्रॉन व पाण्याचे रेणू यांच्या परस्परक्रियेचा विचार त्यासाठी करावा लागतो.

विद्युत् द्विस्तर : पाण्याच्या संपर्कात आलेल्या बहुतेक घन पृष्ठभागांवर विद्युत् भार असतो. चिकणमाती व काच यांवर तो ऋण असतो. त्यामुळे द्रवातील धन आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) पृष्ठभागाजवळ गोळा होतात आणि ऋण आयन दूर सारले जातात. या रचनेला विद्युत् द्विस्तर म्हणतात. तिचे विवरण गुई (१९१०), चॅपमन (१९१३) व श्टेर्न (१९२४) यांनी केले. द्विस्तराची जाडी विद्रावातील क्षारांवर अवलंबून असते. अतिशुद्ध पाण्यात ती शेकडो नॅनोमीटर असते, तर साधारण खारट कूपनलिकेच्या पाण्यात ती ३ ते ४ नॅनोमीटरच भरते. मार्गिकेची रुंदी या जाडीच्या दुपटीहून कमी झाली की समोरासमोरच्या भिंतींचे द्विस्तर एकमेकांत मिसळतात व ऋण आयनांना मार्गिकेत जवळजवळ मज्जाव होतो. छिद्र आयनापेक्षा मोठे असूनही आयन अडविला जातो, याचे हे एक कारण होय.

वायूंचा प्रवाह : वायूचा रेणू दोन टकरींच्या दरम्यान सरासरीने जे अंतर जातो त्याला माध्य मुक्तमार्ग म्हणतात. नेहमीच्या दाबाच्या हवेत हे अंतर सु. ६८ नॅनोमीटर असते. मुक्तमार्गाला मार्गिकेच्या रुंदीने भागले असता मिळणाऱ्या संख्येस क्नूसेन अंक म्हणतात. तो एक सहस्रांशाहून लहान असल्यास अखंड माध्यमाची समीकरणे चालतात, सु. ०.१ पर्यंत घसरणीची दुरुस्ती करून ती वापरता येतात. १० च्या पुढे मात्र रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवरच अधिक आदळतात व प्रवाहाचे नियम सर्वस्वी बदलतात. अधल्यामधल्या क्षेत्रासाठी कोणतेही सोपे सूत्र नाही. दगडी कोळशातील मिथेनाचा प्रवाह याच क्षेत्रात येतो. कोळशातील पुष्कळ छिद्रे २ नॅनोमीटरहून लहान असतात आणि बहुतेक मिथेन त्यांच्या भिंतींवर अधिशोषित (पृष्ठभागावर धरलेल्या) स्थितीत असतो. दाब कमी होताच तो सुटतो, सूक्ष्म छिद्रांतून विसरणाने भेगांपर्यंत येतो व पुढे भेगांतून वाहतो. वणी परिसरातल्यासारख्या कोळशाच्या खाणींत वायुवीजनाची आखणी करताना कोळशातून वायू किती व किती काळ सुटेल, हा प्रश्न याच टप्प्यांशी निगडित असतो.

प्रतिकृतींचे प्रकार : अखंड प्रतिकृती : यांत नाव्ह्ये–स्टोक्स समीकरणांना घसरणीची सीमा-अट, विद्युत् क्षेत्राचे समीकरण व आयनांच्या वहनाचे समीकरण यांची जोड देतात. ही पद्धत कमी खर्चाची असून १ ते २ नॅनोमीटरहून रुंद मार्गिकांसाठी बहुधा पुरेशी ठरते. घसरण-लांबी व पृष्ठभागावरील विद्युत् भार ही मूल्ये मात्र तिला बाहेरून पुरवावी लागतात.

रेणवीय गतिविज्ञान : या पद्धतीत प्रत्येक अणूवर इतर अणूंमुळे होणारी प्रेरणा काढून न्यूटन यांच्या नियमानुसार त्याचे पुढील स्थान गणिताने ठरवितात. बर्नी ऑल्डर व टॉमस वेनराइट यांनी १९५७ मध्ये कठीण गोलकांच्या संचावर हे गणित प्रथम केले. हैदराबाद येथे जन्मलेले भौतिकीविज्ञ अनीसुर रहमान (१९२७–८७) यांनी अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ८६४ अणूंचा संच घेऊन द्रवरूप आर्गॉन वायूचे वास्तव प्रेरणांवर आधारलेले सदृशीकरण केले व ते १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये त्यांनी फ्रँक स्टिलिंजर यांच्या समवेत पाण्याच्या २१६ रेणूंचे सदृशीकरण केले. द्रवरूप पाण्याची रेणूंच्या पातळीवरील बहुतेक गणिते याच कार्यावर उभी आहेत. २००१ मध्ये गेऱ्हार्ड हुमर व त्यांचे सहकारी यांनी सु. ०.८ नॅनोमीटर व्यासाच्या कार्बन नलिकेत पाण्याचे रेणू एकामागे एक अशा एकेरी रांगेने शिरतात व झटक्याझटक्याने पुढे सरकतात, हे अशाच सदृशीकरणाने दाखविले.

या पद्धतीत काळाची पायरी सु. १ फेम्टोसेकंद (एका अब्जांश सेकंदाचा दहा लाखावा भाग) घ्यावी लागते. त्यामुळे अब्जांश सेकंदाचा प्रवाह पाहण्यासाठी प्रत्येक अणूचे गणित दहा लाख वेळा करावे लागते. अशा कामास प्रबळ संगणक लागतात. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्याच मालिकेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) उभारण्यात आला आहे.

मध्यम पातळीच्या प्रतिकृती : रेणू व अखंड माध्यम यांच्या दरम्यानच्या या पद्धतींत रेणूंचे गट किंवा त्यांच्या वेगांचे सांख्यिकीय वितरण हे एकक मानतात. जालकावरील बोल्ट्समान पद्धत ही यांपैकी विशेष प्रचारात आहे. माती, खडक, कोळसा यांसारख्या वेड्यावाकड्या छिद्रांच्या पदार्थांतील प्रवाह काढण्यास ती सोयीची असते.

काळ्या जमिनीतील पाणी : मारेगाव परिसरातील काळी जमीन मुख्यतः दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे मृद्-खनिज सु. १ नॅनोमीटर जाडीच्या पत्र्यांचे बनलेले असते. पत्र्यांच्या दरम्यान पाण्याचा एक, दोन किंवा तीन थर शिरू शकतात व त्यानुसार पत्र्यापासून पत्र्यापर्यंतचे अंतर सु. १.२५, १.५५ व १.९ नॅनोमीटर असे पायरीपायरीने वाढते. पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात, याचे मूळ या पायऱ्यांत आहे. पत्र्यांमध्ये कॅल्शियमाचे आयन असतील, तर फुगणे बहुधा येथेच थांबते. सोडियमाचे आयन अधिक असल्यास पत्रे पुष्कळ दूर जातात, माती विखुरते व निचरा बंद पडतो. सोडियमयुक्त पाण्याचे सिंचन काळ्या जमिनीस अपायकारक ठरते, ते यामुळेच.

पिकाला उपलब्ध होणाऱ्या पाण्याचा हिशेबही छिद्रांच्या आकारमानाशी बांधलेला आहे. सर्वसाधारण पिकाची मुळे सु. १५ वातावरण इतक्या ओढीपर्यंत मातीतून पाणी खेचू शकतात. त्यापुढे पीक कायमचे कोमेजते. पृष्ठताणाच्या नियमानुसार (⟶ केशाकर्षण) ही ओढ सु. २०० नॅनोमीटर व्यासाच्या छिद्राशी जुळते. त्याहून लहान छिद्रांतील पाणी मुळांच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते. काळ्या जमिनीत अशा छिद्रांचे प्रमाण मोठे असल्याने पाऊस लांबला असता, हातास ओलसर लागणाऱ्या मातीतही कपाशी किंवा तूर सुकू लागते. उलट, मध्यम आकारमानाच्या छिद्रांत साठलेल्या पाण्यावर हीच जमीन हलक्या जमिनीपेक्षा अधिक दिवस पीक तगवून धरते.

भूजलातील फ्ल्युओराइड : पिण्याच्या पाण्यात फ्ल्युओराइडाचे प्रमाण दर लिटरला १ मिग्रॅ. पर्यंत असावे व दुसरा उद्‌गम नसल्यास ते १.५ मिग्रॅ. पर्यंत चालावे, असे भारतीय मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिग्रॅ. आहे. त्याहून अधिक प्रमाण असलेले पाणी बालपणापासून प्यायल्यास दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि बरेच अधिक प्रमाण दीर्घ काळ पोटात गेल्यास सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठ होतो व हाडांना कायमची विकृती येते. या विकाराला फ्ल्युओरोसिस म्हणतात. एकदा जडलेल्या अस्थिविकारावर खात्रीचा उपाय नसल्याने पाण्याची निवड किंवा त्याचे शुद्धीकरण हाच खरा प्रतिबंध होय. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागांतील तालुक्यांत भूजलात अशी पातळी अनेक ठिकाणी आढळली आहे. या भागातील कोलाम व गोंड वस्त्यांसह अनेक गावे पिण्याच्या पाण्यासाठी हातपंप व कूपनलिका यांवर अवलंबून राहिलेली असल्याने हा प्रश्न तेथे विशेष तीव्र ठरतो.

फ्ल्युओराइड पाण्यात येते ते खडकांतील खनिजांमधून. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर फ्ल्युओराइड कॅल्शियम फ्ल्युओराइडाच्या रूपाने बद्ध राहते. परंतु चिकणमातीच्या थरांतून झिरपताना पाण्यातील कॅल्शियम मातीकडे जाते व मातीतील सोडियम पाण्यात येते. कॅल्शियम घटलेल्या व बायकार्बोनेट वाढलेल्या अशा पाण्यात फ्ल्युओराइड सहज विरघळून राहते. हा विनिमय मुख्यतः पत्र्यांमधील नॅनोमीटर रुंदीच्या जागांत घडतो. शिवाय खडकाच्या भेगांतून पाणी झपाट्याने वाहते, पण भेगांच्या दोन्ही बाजूंच्या घट्ट भागांत ते जवळजवळ स्थिर असते व तेथील आयन विसरणानेच बाहेर येतात. भूजलाच्या प्रतिकृतींत म्हणून ‘दुहेरी सच्छिद्रता’ गृहीत धरतात. कूपनलिकेतून काही काळ उपसा केल्यावर फ्ल्युओराइड घटले, तरी ते पुन्हा पूर्वपातळीवर येऊ शकते, याचा उलगडा अशा प्रतिकृतीने होतो.

शुद्धीकरणाच्या पद्धती व मार्गिका : तुरटी, चुना व विरंजक चूर्ण वापरून फ्ल्युओराइड साक्यासह खाली बसविण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) १९७० नंतरच्या दशकात विकसित केली. तिला विजेची व यंत्रसामग्रीची फारशी गरज नसते. तथापि मात्रा नेमकी ठेवणे व साका दूर करणे यांकडे नित्य लक्ष द्यावे लागते.

सक्रियित ॲल्युमिना या पदार्थाच्या कणांत काही नॅनोमीटर रुंदीची छिद्रे असतात व त्यांच्या भिंती फ्ल्युओराइड धरून ठेवतात. येथे वेग ठरतो तो छिद्रांतील विसरणाने. विसरणास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून कणाची त्रिज्या निम्मी केल्यास हा काळ चतुर्थांश होतो. मात्र कण बारीक केले की गाळणीतून पाणी जाण्यास होणारा विरोध वाढतो. या दोन गोष्टींचा मेळ घालून कणांचे आकारमान व पाण्याचा वेग ठरवावा लागतो. घाईने पाणी सोडलेल्या गाळणीत कणांच्या गाभ्यापर्यंत फ्ल्युओराइड पोहोचतच नाही आणि पदार्थाची बरीच धारणशक्ती वाया जाते.

व्यस्त तर्षण (⟶ तर्षण) व नॅनोगाळण या पद्धतींत पाणी दाबाने पटलातून लोटतात. सिडनी लोब व श्रीनिवास सौरिराजन यांनी अमेरिकेत सेल्युलोज ॲसिटेटाचे असममित पटल १९६० च्या सुमारास तयार केल्यावर व्यस्त तर्षण व्यवहार्य झाले. भारतात मुंबई येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने पटलांवर आधारलेली जलशुद्धीकरणाची तंत्रे विकसित केली आहेत. नॅनोगाळणाच्या पटलातील छिद्रे सु. १ नॅनोमीटरची असतात. फ्ल्युओराइड आयन स्वतः लहान (त्रिज्या सु. ०.१३ नॅनोमीटर) असला, तरी त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे घट्ट वेष्टन असते व त्यासह त्याची त्रिज्या सु. ०.३५ नॅनोमीटर होते. छिद्रात शिरण्यासाठी हे वेष्टन अंशतः उतरवावे लागते व त्यास बरीच ऊर्जा लागते. पटल ऋण भारित असल्यास विद्युत् प्रतिसारणाचीही भर पडते. त्यामुळे उघडा आयन क्लोराइडापेक्षा लहान असूनही फ्ल्युओराइड अधिक प्रमाणात अडते. भिंतींचे अंतर, विद्युत् भार व वेष्टनाची ऊर्जा या तिन्हींचा विचार प्रतिकृतीत केला नाही, तर हा उलटा दिसणारा क्रम समजत नाही.

व्यस्त तर्षणाच्या पटलात कायम छिद्रे नसून पाणी त्यात विरघळते व विसरणाने पार होते, अशी उपपत्ती १९६० नंतरच्या दशकापासून प्रचलित होती. पाणी बहुवारिकाच्या साखळ्यांमधील सूक्ष्म छिद्रांतून दाबांतरामुळे वाहते, असे प्रतिपादन २०२३ मध्ये प्रयोग व रेणवीय सदृशीकरणे यांच्या आधारे करण्यात आले. कोणती उपपत्ती स्वीकारावी, यावर नवीन पटलांच्या आखणीची दिशा अवलंबून आहे.

पटलाच्या वापरात एक मर्यादा अटळ असते. निम्मे पाणी शुद्ध करून निम्मे सोडून दिले, तर सोडलेल्या पाण्यात फ्ल्युओराइडाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. दर लिटरला ३ मिग्रॅ. असलेल्या पाण्यापासून सु. ६ मिग्रॅ. चे सांडपाणी निघते. ते विहिरीजवळच मुरू दिले, तर प्रश्न सुटण्याऐवजी फिरून येतो. व्यस्त तर्षणात आरोग्यास उपयुक्त असे कॅल्शियम व मॅग्नेशियमही निघून जातात. मध्यम क्षारतेच्या (दर लिटरला सु. १ ग्रॅ.) पाण्याचा तर्षणदाब १ वातावरणाहूनही कमी असतो. अशा पाण्यासाठी केवळ फ्ल्युओराइड अडविणारे व इतर क्षार जाऊ देणारे कमी दाबाचे पटल अधिक योग्य ठरेल. असे निवडक पटल तयार करणे हे या शाखेपुढील एक महत्त्वाचे उद्दिष्ट आहे.

सजीवांतील उदाहरण : अशी निवड शक्य आहे, हे सजीवांच्या कोशिकांनी दाखवून दिले आहे. ॲक्वापोरीन या प्रथिनाच्या सु. ०.३ नॅनोमीटर रुंद मार्गिकेतून दर सेकंदास सु. ३०० कोटी पाण्याचे रेणू एकेरी रांगेने जातात. आयन मात्र जाऊ शकत नाहीत. या शोधाबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉडरिक मॅकिनन यांच्यासमवेत विभागून मिळाले. मॅकिनन यांचे कार्य आयनांच्या मार्गिकांसंबंधी होते.

इतर उपयोग : कार्बन नलिकांच्या पृष्ठभागावरून द्रव वाहू दिला असता विद्युत् दाब निर्माण होतो, असे बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दाखविले. गोड्या व खाऱ्या पाण्यातील संहतिभेदापासून वीज मिळविणे, नॅनोछिद्रातून डीएनएची साखळी ओढून तिचा क्रम वाचणे आणि विद्युत् तर्षणाने चिकणमातीतील पाणी काढून पायाची जमीन घट्ट करणे हे आणखी काही उपयोग होत.

मर्यादा : अतिसूक्ष्म मार्गिकांतील प्रवाहाच्या प्रतिकृतींत प्रमाणांची दरी ही मुख्य अडचण आहे. दर लिटरला १.५ मिग्रॅ. फ्ल्युओराइड असलेल्या पाण्यात सु. ७ लक्ष पाण्याच्या रेणूंमागे एक फ्ल्युओराइड आयन असतो. तेव्हा काही हजार रेणूंच्या संचात एकही आयन येणार नाही. म्हणून सदृशीकरणात संहती वास्तवापेक्षा पुष्कळ अधिक घेतात व निष्कर्ष सौम्य विद्रावास लावताना सावधगिरी बाळगतात. प्रेरणांची सूत्रेही अंदाजी असतात. ती नेहमीच्या पाण्याच्या गुणधर्मांवरून बसविलेली असल्याने अरुंद जागेत ती तितकीच खरी असतील असे नाही. याशिवाय प्रयोगशाळेतील मार्गिका सरळ व स्वच्छ असतात, तर गावातील पटलावर गाळ, लोह, चुन्याचा थर व जीवाणू साचतात आणि काही महिन्यांतच त्याचा प्रवाह घटतो.

या कारणांमुळे एकाच प्रतिकृतीवर विसंबून न राहता रेणवीय गणितातून घसरण-लांबी, विसरणांक व आयनांना होणारा विरोध ही मूल्ये काढतात, ती अखंड प्रतिकृतीत घालतात आणि तिचे निष्कर्ष प्रत्यक्ष पाण्याच्या नमुन्यांवर तपासून पाहतात. फ्ल्युओराइडग्रस्त भागात कोणती पद्धत योग्य, हे ठरविताना पटलाच्या गुणांइतकेच त्या गावच्या पाण्यातील क्षार, विजेची उपलब्धता, सांडपाण्याची विल्हेवाट आणि देखभालीची सोय यांना महत्त्व द्यावे लागते. जेथे नदीचे, तलावाचे किंवा साठविलेल्या पावसाचे निर्दोष पाणी पुरविता येते, तेथे शुद्धीकरणापेक्षा तोच मार्ग श्रेयस्कर ठरतो.